दिलेलं रोप मागायचं नाही

आमच्या मंडळाचं कंपोस्ट आजवर एकदाही नीट झालेलं नाही. कधी वास सुटतो, कधी मुंग्या होतात, एकदा तर त्या ड्रममध्ये मांजरीनं पिल्लं घातली. पण ड्रमभोवती उभं राहून गप्पा मारता मारता जे किस्से झाले, ते इतके साठलेत की थोडे बाहेर काढल्याशिवाय आता झाकण बसणार नाही. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पोस्टात काउंटरवर तीस वर्षं काढली, माझं अक्षर चांगलं आहे, असं या लोकांचं म्हणणं. खरं कारण असं की माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही!

आम्ही पाच जण. सगळे सिडकोतले, एकाच पाण्याच्या टाकीवरचे. दिवाळी झाली, थंडी पडली की दर रविवारी सकाळी एकाच्या घरी बाग बघायला जमायचं. यजमानानं चहा आणि एक पदार्थ द्यायचा, पाहुण्यांनी आधी खायचं आणि मग नावं ठेवायची.

मंडळाचे नियम देशमुख वकीलसाहेबांनी केले. पैठण रोडला चितेगावच्या पुढं त्यांची शेती आहे. नियमाशिवाय त्यांना चहासुद्धा पचत नाही. नियम पहिला, रोप दिल्यावर 'थँक्यू' म्हणायचं नाही. नियम दुसरा, दिलेलं रोप मागायचं नाही, आणि घेणाऱ्यानं ते परतही करायचं नाही.

नियम सांगून झाले तेव्हा आमचे तात्या म्हणाले होते, "साहेब, एक राह्यलं. मागून आणलेलं रोप कण्हतं, चोरून आणलेलं हसतं!"

तात्या म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. भाऊ अजून गावाकडं मेंढरं राखतो. यांनी जन्मभर गाडी चालवली आणि उरलेल्या वेळात कुंड्या लावल्या. आमच्यातली सगळ्यात देखणी बाग त्यांची. माझ्या कुंडीतल्या सोनचाफ्यावर त्यांचा चार वर्षं डोळा होता. मी त्यांना त्याची फांदीही देत नव्हते. देणारही नाही, असं तेव्हा तरी वाटत होतं.

*

मंदाताई माझ्या शेजारीण. मागच्या थंडीत पहिला रविवार त्यांच्याकडं होता आणि आदल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या अंगणात वाळलेला कढीपत्ता सोडला तर काही नव्हतं. आम्ही गेलो तर काय! बारा कुंड्यांत पिटुनिया, लाल, जांभळा, पांढरा. नुसता बहर!

"महिनाभर खपतेय हो," मंदाताई म्हणाल्या, "कंबर गेली माझी."

तात्यांना सवय आहे, कुंडी दिसली की "माती बघू" म्हणून आत बोट घालायची. त्यांनी बोट घातलं, जरा ओढलं, आणि अख्खं झाड वर आलं. खाली नर्सरीची काळी पिशवी, जशीच्या तशी!

मंदाताईंचा चेहरा पडला. तात्यांनी झाड अलगद परत ठेवलं, वर माती सारखी केली आणि म्हणाले, "ताई, ह्ये झाड अजून गाडीतनं उतरलंच नाय की!"

मंदाताई आधी हसल्या. मग आम्ही.

*

नळाचं पाणी आमच्या भागात रोज येत नाही. कधी सहाव्या दिवशी, कधी आठव्या. त्यामुळं पाणी आलं की लग्नाच्या पंगतीतूनही माणसं उठतात.

त्या रविवारी आम्ही वकीलसाहेबांच्या गच्चीवर होतो. विषय होता, गुलाबाला डोळा कसा भरावा, म्हणजे कलम कसं करावं. अर्ध्या तासात साहेब गुलाबापर्यंत पोचलेच नव्हते. सलमा आपांच्या हातात पोह्यांची बशी होती. आपा उर्दू शाळेत शिकवत, त्यामुळं दुसऱ्याचं भाषण, त्यांच्या शब्दांत तकरीर, ऐकायची त्यांना सवय नाही. तेवढ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला.

"नल आया!"

आपा बशी ठेवून जिन्याकडं निघाल्या. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं मंदाताई, सगळ्यात पुढं तात्या.

"अहो, मुद्दा आत्ता येतोय!" साहेब ओरडले.

आपा खालून म्हणाल्या, "वकीलसाब, तकरीर ठहरती. पानी नै ठहरता!"

संध्याकाळी मी देशमुख वहिनींना फोन केला, म्हटलं, साहेब रागावले असतील. वहिनी म्हणाल्या, "छे हो, ते तुमच्याआधी पाण्याच्या मोटारीपाशी पोचले होते. पोहे मात्र पाच बशा उरले."

*

मग एकदम कडाका पडला. तात्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, कोवळी रोपं झाका. मी जुनी साडी टाकली, मंदाताईंनी पोतं. वकीलसाहेबांच्या फाटकापाशी नुकतं लावलेलं पपईचं झाड होतं, माणसाच्या उंचीचं. साहेबांनी त्याच्यावर आपला कोर्टातला जुना काळा कोट चढवला. बटणं लावली. वरच्या पानांवर कानटोपी.

सकाळी धुक्यात दूधवाला आला. दूध देऊन वहिनींना म्हणाला, "साहेब रागावलेत का माझ्यावर? फाटकात दोन बार नमस्कार घातला, बोलले बी नाय."

वहिनी म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. घरातही बोलत नाहीत."

*

हुरड्याला वकीलसाहेबांच्या शेतावर जायचा बेत झाला. त्याच सुमारास त्यांनी शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, तीही तात्यांच्या भावाचीच. शंभरेक मेंढरं आठ दिवस एका वावरात. आता तुम्हीच सांगा, बाग करणाऱ्या माणसाला असं लेंडीखत दिसल्यावर हुरड्याची काय कथा!

आगटीत कणसं भाजत होती, ताटात गरम दाणे, तिळाची चटणी, गूळ. आणि आम्ही चौघं वावरात वाकलेलो! मी ओढणीत भरलं, मंदाताईंनी पर्समध्ये.

वकीलसाहेब बांधावरून ओरडत होते, "अहो, माझं खत आहे ते!"

तात्यांचा भाऊ शांतपणे म्हणाला, "साहेब, वेचू द्या. उद्याच्याला आनिक व्हतंय."

सलमा आपांनी हुरडा घरी न्यायला चार खणांचा डबा आणला होता. तो त्यांनी खतानं गच्च भरला. घरी गेल्या, डबा ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेल्या. मुलाला हुरडा भारी आवडतो. त्यानं डबा उघडला, काळे गोळे बघितले आणि आत हाक मारली,

"अम्मी, इत्ता कायकू जला दिए?"

*

असं हसता हसता दिवस गेले आणि या वर्षी दसऱ्याला तात्यांनी सांगितलं, "मी पुण्याला चाललो. पोराकडं. कायमचा."

तात्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा कधीपासून बोलावत होता, त्याचंही बरोबर होतं. अकराव्या मजल्यावर फ्लॅट. गॅलरीला काच, कुंड्या ठेवायला बंदी.

तात्यांनी एकोणीस कुंड्या आमच्यात वाटल्या. कुणाला किती पाणी, कुणाला किती ऊन, सगळं समजावून सांगितलं. शेवटची कुंडी माझ्या पायरीवर ठेवली. "ही हिची शेवंती," म्हणाले. काकूंनी माहेराहून, पैठणजवळच्या खेड्यातून, पदरात गुंडाळून आणलेली पिवळी शेवंती. मला पाणी घालायला जमत नाही असं नाही हो, पण त्या कुंडीला मी पहिल्याच दिवशी तीनदा जागा बदलून दिली.

दिवाळीत तिनं मान टाकली! मी सकाळी पाणी घालत होते, संध्याकाळी घालत होते, मध्ये रडत होते. रविवारी तात्यांचा व्हिडिओ कॉल असायचा. फोन घेऊन आम्ही प्रत्येक कुंडीपाशी जायचं आणि तात्या तिकडून बस लावल्यासारखं सांगायचे, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" त्यांना काय दाखवू? मी गपचूप नर्सरीतून पिवळी शेवंती आणली आणि त्याच कुंडीत लावली. खरी मोरीपाशी लपवली.

तात्यांनी फोनमध्ये पाहिलं. "अजून जवळ घ्या," म्हणाले.

"ताई, ही आपली नव्हं. आपली लाजती. ही टकामका बघती."

मला तिथंच रडू फुटलं आणि रडत रडत मी मोरीपाशी लपवलेली खरी दाखवली. तात्या म्हणाले, "रडू नका. पाणी तोडा आठ दिस. ती रुसली नाय, तुमीच घाबरलाव."

पाणी तोडलं. नवव्या दिवशी नखाएवढा हिरवा कोंब! त्या दिवशी मी पोटभर जेवले.

*

संक्रांतीच्या आठवड्यात फाटक वाजलं. बघते तर तात्या, हातात एक पिशवी.

"घरची पान्याची टाकी धुवाया आलोय," म्हणाले, "दोन दिवसांत माघारी."

चौथ्या दिवशीही टाकी धुऊन झाली नव्हती! मी डबा द्यायला गेले. तात्या अंगणात बसले होते. फरशीवर कुंड्यांचे गोल डाग तेवढे उरले होते आणि ते त्यांच्याकडं बघत होते.

"पोरगा चांगला, सून तर लई चांगली," म्हणाले. "पर सकाळी उठून हात कुठं घालावा, ताई?"

त्यांना परत जायचं नव्हतं. आम्हाला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. पण रिकाम्या अंगणात माणूस राहील तरी कशाच्या आधारावर? वकीलसाहेब स्वतः गेले. "तात्या, तुमच्या कुंड्या घेऊन जा."

"नाय. दिलेलं मागायचं नाय, माघारी बी घ्यायचं नाय. तुमचाच कायदा हाय, साहेब."

मी गेले, मंदाताई गेल्या. उत्तर तेच. शनिवारची पुण्याची गाडी त्यांनी रविवारवर ढकलली, इतकाच काय तो फरक. वकीलसाहेब माझ्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या नियमाचा राग आला होता. मग सलमा आपा हळूच म्हणाल्या, "वो कण्हतं, हसतं... तात्या क्या बोलते थे?"

मंदाताईंनी ते वाक्य पूर्ण म्हणून दाखवलं. मग वकीलसाहेब हसायला लागले.

*

रविवारी माझ्याकडं 'प्रदर्शन' ठरलं. चारही घरांतल्या तात्यांच्या कुंड्या माझ्या अंगणात आल्या. वकीलसाहेब शेतावरचा टेम्पो घेऊन आले, तो फाटकाला लावला आणि चावी त्यालाच राहू दिली. तात्या पिशवी घेऊनच आले होते, इथूनच स्टँडवर जाणार होते.

वकीलसाहेब त्यांच्या शेजारी उभे राहून आभाळाकडं बघत मोठ्यांदा म्हणाले, "मी आपले नियम काल पुन्हा वाचले. देण्याबद्दल आहे, मागण्याबद्दल आहे. चोरीबद्दल एकही कलम नाही!"

तात्यांची नजर टेम्पोच्या चावीवर गेली.

"चला, चहा," मी म्हटलं.

"तुमी व्हा फुडं," तात्या म्हणाले. "मी जरा माती बघतो."

आम्ही चौघं आत गेलो आणि अंगणाकडं पाठ करून बसलो. वकीलसाहेबांना म्हटलं, गुलाबाला डोळा कसा भरतात ते सांगा, अगदी पहिल्यापासून. साहेब बोलू लागले. बाहेर कुंडी फरशीवर घासल्याचा आवाज आला. साहेबांनी आवाज चढवला. चहा झाला, दुसरा चहा झाला. साहेब थांबले की आपा म्हणायच्या, "और बोलो ना, वकीलसाब!" मंदाताई पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. माझे डोळे भरले होते आणि मला मागं वळता येत नव्हतं.

शेवटी टेम्पो सुरू झाला. कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजला, एसटीसारखा.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही तात्यांच्या अंगणात होतो. सगळ्या कुंड्या आपापल्या डागांवर. मधोमध शेवंती, पहिलं फूल अर्धं उमललेलं. वकीलसाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं.

"वा! ही कुठून आणलीत?"

"चोरली," तात्या म्हणाले.

"आणि तो मागचा सोनचाफा?"

मी वळून पाहिलं. माझाच होता! आठ दिवस अंगणात त्याची रिकामी जागा बघत होते मी. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "त्यो बी."

मी तोंड उघडलं. आपांनी मला चिमटा काढला आणि तात्यांना म्हणाल्या, "चोरी का माल छोड के अब पूना कैसे जाते, तात्या?"

"जातंय कोन," तात्या म्हणाले. "बसा. च्या टाकतो."

तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं! पाणी आलं!"

पाचांतलं कुणीही जागचं हललं नाही.