दुपट्याआधीची पुस्तकं

गोधडीचं पुस्तक हातात आलं की मी आधी पाठ शोधते. पुस्तकाची नाही, गोधडीची. समोरून सगळ्याच गोधड्या गोड दिसतात, त्यात फोटो काढणाऱ्याचा हात असतो. उलटी करून दाखवली की कळतं टाका कसा पडलाय आणि गाठी कुठं लपवल्यात. जे पुस्तक पाठ दाखवत नाही ते मी सरळ परत ठेवते, मग मुखपृष्ठ कितीही भारी असो. शिवाय जमिनीवर उघडं ठेवल्यावर ते आपोआप मिटायला नको. गोधडी घालताना दोन्ही हात गुंतलेले असतात, पान धरायला तिसरा हात आणायचा कुठून? आणि चुकलं तर काय करायचं हेही त्यात पाहिजेच. नुसतं बराबर कसं करायचं तेवढंच सांगणारी पुस्तकं मला लबाड वाटतात.

हे शहाणपण मला उशिराच आलं. मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्याची. घरी शिवणक्लास चालवते, ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश हे आमचं रोजचं काम. गोधड्या आईच्या शेजारी बसून शिकले, त्याला पुस्तक लागतं हे डोक्यातच कधी आलं नव्हतं. मंठ्यात पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईडं, वह्या आणि नकाशे. मी पहिल्यांदा गोधडीचं पुस्तक मागितलं तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, पाककृतीचं देऊ का? ते आहे." मी म्हटलं, स्वयंपाक येतो मला, राहू द्या.

हा नाद लागला तो लेकीपायी. ती जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. सातव्या महिन्यात माहेरी आली, डॉक्टरनं आराम सांगितला होता. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नसे. ती बोलत नव्हती म्हणून आम्ही बोलत नव्हतो, आणि आम्ही बोलत नव्हतो म्हणून बहुतेक तीही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "आई, दुपटं शिवायला घेऊ आपण. मला शिकव."

मी कप खाली ठेवला. दुपटं म्हणजे बाळाची छोटी गोधडी. आमच्याकडे रीत अशी की बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. दुपटं नाही, कुंची नाही, झबलं नाही. बाळ आलं की जुन्या धोतरात, मऊ लुगड्यात गुंडाळायचं, पाचवी झाली की मग शिवायला बसायचं. माझ्या आईनं पाळलं, सासूनं पाळलं, मीही पाळलं. आणि ह्या पोरीच्या बाबतीत तर मी सावलीलाही घाबरत होते.

पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तिचा चेहरा बघून कोणाचीच झाली नसती. मी म्हटलं, "शिकवते की. पण आधी पुस्तकं बघ बाई. आजकाल किती नमुने निघालेत. माझं आपलं जुनं काम, तुला कशाला तेच." मनात म्हटलं, पुस्तकं चाळण्यात आणि निवडण्यात दोन महिने सहज निघतील. तिला वाचायची हौस, मला वेळ काढायचा होता.

जावई दर रविवारी जालन्याहून यायचे. बिचाऱ्यांना जे सांगावं ते आणायचे. पहिल्यांदा त्यांनी एका प्रदर्शनातून पातळसं मराठी पुस्तक आणलं. निम्मं पुस्तक छंदाचे फायदे सांगण्यात गेलेलं, आणि आकृत्या अशा की त्रिकोण आहे की समोसा ते कळू नये. मग ऑनलाइन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, गुळगुळीत पानांचं. त्यातल्या गोधड्या भिंतीवर टांगलेल्या. आता गोधडी काय टांगायची चीज आहे का? पण रंग मात्र असे लावले होते की मी हात पुसून पान उलटत होते. शेंदरी तुकड्याशेजारी राखाडी ठेवला की शेंदरी पेटतो, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं. इतकी वर्षं मी शेंदरीशेजारी हिरवा ठेवत आले होते.

आमचे हे ओसरीवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "गोधडीला बी पुस्तक लागतंय का आता? उद्या भाकरी थापायला बी मागवशील." मी म्हटलं, "मागवीन की. तुम्ही थापणार असाल तर आजच मागवते." लेक खुदकन हसली. ती माहेरी आल्यापासून पहिल्यांदा हसली होती. तेव्हा मी ठरवलं की खर्च किती का होईना, पुस्तकं येऊ द्यायची.

मग आलं जपानी. त्यातलं एक अक्षर आम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. प्रत्येक पायरीचं चित्र, बाण, सुई कुठून खाली आणि कुठून वर. दर नमुन्याची पाठ दाखवलेली. पसरून ठेवलं तर चटईसारखं पसरून राहायचं. मी त्या पुस्तकाच्या प्रेमातच पडले. दुपारी क्लासच्या पोरी गेल्या की आम्ही मायलेकी ते मध्ये ठेवून बसायचो, एकमेकींना बाणांचे अर्थ लावून दाखवायचो. कापसाचे दिवस होते, रस्त्यानं गाड्या जायच्या, आणि आम्ही आपल्या जपानात.

त्याच पार्सलात जावयांनी कौतुकानं अजून एक टाकलं होतं, लहान मुलांच्या गोधड्यांचं. हत्ती, ससे, ढगावर बसलेला चांदोबा. जावई गेल्यावर मी ते पुस्तक कपाटावर जाड रजईखाली सारून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर लेकीच्या उशाशी. शोधून काढलं होतं की यांनी काढून दिलं, मी विचारलं नाही.

"आपण डबल बेडची घालू," मी म्हणायचे. "मोठी. तुमच्या जालन्याच्या खोलीत शोभंल."

"बघू," ती म्हणायची.

तिची एक सवय होती. आवडलेल्या पानात ती कागद घालायची नाही, माझ्या कात्रणाच्या पिशवीतली चिंधी घालायची. ज्या रंगाचा नमुना त्या रंगाची चिंधी. एक दिवस ती झोपली होती तेव्हा मी सगळी पुस्तकं उचलून फळीवर ठेवायला घेतली आणि चिंध्यांची पानं उघडून बघितली. इंग्रजी पुस्तकात, जपानी पुस्तकात, कुठंही बघा, खूण केलेला प्रत्येक नमुना छोटा. कोपऱ्यात पुस्तकातली मापं पेन्सिलीनं आपल्या वितीच्या हिशेबात मांडून लिहिलेली. डबल बेडची एकही नव्हती. मी पुस्तकं जशीच्या तशी उशाशी ठेवली आणि भांडी घासायला गेले.

त्यानंतर तिनं तुकडे शिवायला सुरुवात केली. बहुतेक सगळ्या पुस्तकांत म्हटलेलं असतं की आधी एक चौकोन नमुना म्हणून करून बघा. तिला तेवढंच पाहिजे होतं. "आई, हा नुसता नमुना आहे," ती म्हणाली आणि माझ्या जुन्या सुती साडीचा पदर मागितला. मी दिला. का दिला? कारण नमुना म्हणजे कोणाचाच नसतो. नमुना म्हणजे हात बसवायला. मी मनाला असं बजावलं, आणि मन माझं असं शहाणं की त्यानं बराबर ऐकलं.

नमुन्यामागून नमुने होऊ लागले. एकात तिकोनी तुकडे, एकात माडी चढावी तशा पट्ट्या, एकात मध्ये लाल चौकोन आणि भोवती फिकट होत जाणारे रंग. तिचा धावदोरा आधी वेडावाकडा पडायचा, मग सुधारत गेला. मी काही चुकलं की उसवायला लावायचे, ती उसवायची. चौकोन टोपलीत साठत होते. माझी एकच अट होती आणि ती मी तोंडानं कधी बोलले नव्हते, पण तिला माहीत होती. जोडायचं नाही. सुटे तुकडे नुसते तुकडे असतात. जोडले की दुपटं झालं.

आठवा महिना लागला. ती रात्रंदिवस पोटावर हात ठेवून असायची. मी तिला न दिसेल अशा बेतानं तिच्याकडे बघत राहायचे. बाळ हललं की नाही हे विचारायला जीभ उचलत नव्हती, आणि विचारल्याशिवाय घास उतरत नव्हता. हे रोज शेतावरून आले की दारातूनच म्हणायचे, "बरंय ना?" ती म्हणायची, "बरंय, बाबा." मग ते पाय धुवायला जायचे.

अशाच एका दुपारी तिनं टोपली ओतली आणि सगळे चौकोन फरशीवर मांडले. मधे लाल, कडेला फिकट, कोपऱ्यांत पट्ट्या. सुटेच ठेवले होते, पण मांडणी दुपट्याचीच होती.

"काय करून राह्यलीस?" मी विचारलं.

"जोडू दे ना आई."

"मंग जोडू. पाचवीला जोडू. मी एका दिवसात जोडून देते तुला."

"मला माझ्या हातानं जोडायचंय. आत्ता."

माझा तोल गेला. मी खरं तर चिडकीच आहे, इतके दिवस दातावर दात ठेवून होते. "कळत न्हाई का तुला?" मी म्हटलं. "आधी शिवत नसतात, माहीत हाय ना. एवढी शिकलीस अन् साधी गोष्ट पाळायला काय जातंय? तुझ्याच भल्याचं सांगून राह्यले."

ती रागावली नाही. चौकोन सरळ करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मागच्या बारीला काय शिवलं होतं आपण? काहीच न्हाई. सगळं पाळलं होतं. तरी गेलाच की." तिनं लाल चौकोनाची कड बोटानं सारखी केली. "त्याला दवाखान्याच्या चादरीत नेलं, आई. वर छाप होता दवाखान्याचा. माझ्या हातचा एक टाका न्हवता त्याच्या अंगावर. मी आई होते अन् त्याला एक चिंधीसुद्धा दिली न्हाई मी."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे चादर मी बघितली होती, मीच तर तिथं उभी होते. पण दीड वर्ष ही पोर त्या चादरीवरचा छाप मनात घेऊन फिरते आहे, आणि मी तिच्यापासून हत्ती आणि ससे लपवून ठेवते आहे, हे माहीत नव्हतं. मला रडू आलं. मी पदरात तोंड घालून चांगली रडले. ती नाही रडली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू बाळंतीण मीच.

मग मी उठले. माझ्या ट्रंकेत तळाला एक नऊवारी लुगडं होतं, माझ्या आईचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. अस्तराला ते काढलं आणि माझ्या हातानं कापलं. सुईत दोरा ओवला आणि तिच्या हातात दिला.

"जोड," मी म्हटलं. "जल्दी जोड. आलं तर यात येईल, गेलं तर यात जाईल. आपल्याच कापडात राहील."

असं अभद्र मी आयुष्यात बोलले नव्हते. पण बोलून झाल्यावर तिचे खांदे खाली आले, आणि माझेही. संध्याकाळी हे आले तेव्हा आम्ही दोघी दोन बाजूंनी धावदोरा घालत होतो, कडेकडेनं आत. यांनी दुपट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "चहा मी ठेवतो," म्हणाले.

नवव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. जालन्याच्या दवाखान्यात नेलं. सिस्टर दुपटं घेऊन आत गेली आणि दार लागलं. जावई भिंतीला टेकून उभे, हे बाकावर, मी दारासमोर. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

दार उघडलं तेव्हा सिस्टरच्या हातात दुपटं होतं. गुंडाळलेलं. मी सिस्टरचं तोंड बघितलं नाही, बघवलंच नाही. मी टाके बघत राहिले. लाल चौकोन, त्याच्या कडेचा लेकीचा तो वाकडा पडलेला धावदोरा, जो उसवायला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. मग तो लाल चौकोन हलला. आतून कोणीतरी लाथ मारली होती. त्यानंतर कुठं रडण्याचा आवाज माझ्या कानात शिरला, आणि मी तिथंच फरशीवर बसले.