सतरा नंबरचा काळा कोट

"तोंड काय, सगळेच बघतात. पाठ बघ बेटी, पाठ!"

कुठलाही जुना फोटो हातात आला की चाचा आधी तो उलटा करायचे. समोर राजा असो नाहीतर रंभा, ते बघायची घाई त्यांना कधीच नसे. मागचा पिवळा पडलेला कागद, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीच्या खुणा हे सगळं भिंगातून वाचून झालं की मग सावकाश फोटो सरळ. भिंग गळ्यात, काळ्या दोऱ्याला बांधलेलं. आमच्या इतवारा भागातली पोरंटोरं त्यांना भिंगवाले चाचा म्हणत. मी नुसतं चाचा म्हणायची.

नांदेडात माझं फ्रेमचं दुकान आहे. सासरे गेल्यावर नवऱ्याने शाळेतली नोकरी धरली आणि काच कापायची हिरकणी माझ्या हातात आली. लोक जुन्या फ्रेमी बदलायला आणतात, तेव्हा मागच्या पुठ्ठ्यात कधीकधी दुसराच फोटो निघतो. चाचा त्याच आशेने रोज अकराला हजर. "निघालं का काही?" "न्हाई चाचा." "बरं बरं," म्हणून स्टुलावर बैठक. गिऱ्हाईक चहा घेऊन आत आलं की हे ओरडत, "कप भायेर! कप भायेर! फोटो हायेत इथं!" दुकान माझं, गिऱ्हाईक माझं, आणि हुकूम यांचा. मी चिडायची. पण एखादा दिवस आले नाहीत की सारखं रस्त्याकडे लक्ष जायचं, हेही खरं.

आता चाचा काय शोधत होते ते सांगते. तुमच्यापैकी जे आमच्या भागात वाढले, त्यांना पैलवानाची कार्डं आठवत असतील. लातूरला एक गोळ्यांचा कारखाना होता. लिमलेटच्या पुडीत पत्त्याएवढं एक कार्ड निघायचं, त्यावर एका पैलवानाचा फोटो आणि खाली नंबर. एक ते चोवीस. माझ्या भावाने त्यापायी गोळ्या खाऊन खाऊन दात किडवून घेतले. त्याचा जीव सतरा नंबरवर. बाकीचे तेवीस पैलवान उघडेबंब, लंगोटावर. सतरा नंबरचा एकटाच काळा कोट घालून, फेटा बांधून, गदा धरून बसलेला. आणि कोटाच्या डाव्या खांद्यावर चार पांढरट पट्टे. भाऊ शपथेवर सांगायचा की ती वाघाच्या पंज्याची खूण आहे. वाघाने कोट फाडला आणि याने वाघाला चितपट केलं. आम्ही सगळ्यांनी ते मानलं होतं.

ही कार्डं जमवणारे आजही पुष्कळ आहेत. चाचांना कार्डांचं काडीचं कौतुक नव्हतं. "कार्ड ढिगानं छापले, बेटी. फोटो एकच." ज्या मूळ फोटोवरून कार्ड बनलं, तो फोटो त्यांना हवा असायचा. कारण साधं होतं. तरुणपणी चाचा ती कार्डं छापणाऱ्या लातूरच्या छापखान्यात ब्रशकाम करत. पैलवानाच्या घरून फोटो यायचा. त्यात पैलवानाशिवाय जे काही असेल, म्हणजे झाडं, खुर्च्या, शेजारीपाजारी, ते सगळं चाचा पांढऱ्या रंगाने बुजवायचे. उरला एकटा पैलवान. त्याचा छपाईचा ब्लॉक बनायचा आणि कार्ड छापलं जायचं. पुढे कारखाना बसला, छापखानाही गेला, आणि ते चोवीस फोटो कुणाच्या घरी, कुणाच्या रद्दीत, असे चहूकडे पांगले. चाचा आयुष्यभर ते गोळा करत राहिले.

त्यांची एक रीत होती. अस्सल फोटो घेतला की त्या घराला त्याची मोठी नक्कल फ्रेम करून द्यायची. फ्रेम अर्थातच माझ्याकडून, आणि "उद्या पायजे" म्हणून. बिलोलीत एका पानवाल्याच्या कॅलेंडरमागून आठ नंबर निघाला. नायगावला एका न्हाव्याच्या आरशाशेजारी बारा नंबर टांगलेला होता. न्हावी म्हणाला, माझ्या दुकानातली वस्तू फक्त गिऱ्हाइकाने बघायची. मग काय, चाचांनी एका महिन्यात चारदा केस कापून घेतले. शेवटी कापायला काही उरलं नाही तेव्हा न्हाव्यालाच दया आली. चाचा डोक्यावरून हात फिरवत दुकानात आले. "बाल गेले, पैलवान आला!" मी हसून हसून काच फोडली.

असे तेवीस जमले. चोवीस कप्प्यांची लाकडी पेटी होती त्यांची, त्यात सतरावा कप्पा रिकामा. लातूरच्या एका वाचनालयाने त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. चाचांनी हट्टाने सांगितलं होतं, चोवीस झाल्याशिवाय मांडणार नाही. वाचनालयवाले तीन वर्षं थांबले होते.

आणि एक दिवस चाचा पेढे घेऊन आले. लातूरच्या रद्दीवाल्याकडे छापखान्याची एक जुनी फाईल निघाली होती, तिच्यात सतरा नंबर. तोच कोट, तोच फेटा, भोवती सगळं पांढरंफेक. आणि खांद्यावर वाघाचे चार पट्टे! मी आनंदाने भावाला फोनच लावला. चाचांनी फोटो उलटला. मागे लाल पेन्सिलीत लिहिलेलं, "फक्त पैलवान." खाली पैलवानाचं नाव आणि गाव, जळकोट.

"घराला नक्कल द्यायची," चाचा म्हणाले. फोटो रद्दीतून आला तरी रीत ती रीत. मी कॉम्प्युटरवर मोठी नक्कल काढली. मूळ फोटोत आहे ते आहे, पण घरी लावायचा फोटो छान दिसावा म्हणून खांद्यावरचे पट्टे साफ पुसले. चाचा नकलेकडे ढुंकूनही बघत नसत, त्यांना कळलंच नाही. माझा मामा जळकोटचा, म्हणून मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसले.

पैलवान जाऊन जमाना झाला होता. त्यांची बायको ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण नजर चांगली होती. मी फ्रेमवरचा कागद काढला. म्हातारीने बराच वेळ बघितलं, मग नकलेतल्या खांद्यावरून बोट फिरवलं.

"माझी बोटं कुठं गेली?"

मला काही कळेना. आतून दोन्ही सुना बाहेर आल्या. मोठी हसत म्हणाली, "आत्याबाई सारखं तेच सांगतात. म्हणे लग्नानंतर उदगीरला जाऊन दोघांचा फोटो काढला होता."

"काढलाच होता!" म्हातारी ठसक्यात म्हणाली. "ह्यांच्याकडं दुसरा फोटोच नव्हता. त्यो फोटोवाला म्हनला, बाई, खांद्यावर हात ठेवा. म्या तर लाजून मेले. नुसती चार बोटं टेकवली. मंग छापखान्याचा मानूस आला, आठ दिसांत आनून देतो म्हनून घेऊन गेला. आजून येऊन राहिला त्यो! हे गेले. आता पोरी म्हनत्यात, तुला सपान पडलं आसंल."

हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मीच तर ती बोटं पुसली होती, मोठ्या कौतुकाने. चाचा तसेच उठले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

परतीच्या एसटीत शिरूर ताजबंदला चाचा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ब्रश माझाच होता, बेटी. पाठीवरचं अक्षर पण माझंच. मालक सांगायचा, आम्ही लिहायचो. किती बायका, किती लेकरं बुजवली, ध्यानात पण न्हाई. ही तेवढी आज ध्यानात आली. बोटं काळी केली होती मी, पण धड झाकली न्हाईत."

"कॉम्प्युटरवर काढता येईल का काही?"

"चाचा, रंगाखालची बाई कॉम्प्युटर कुठून आणील?"

मग? मग एकच रस्ता होता. रंग पाण्यात विरघळणारा होता. पुसला तर बाई निघेल, किंवा फोटोचा पापुद्रा येऊन दोघंही जातील. आणि बाई निघाली तरी सतरा नंबर संपला. तो पांढरा रंग होता म्हणूनच तो फोटो कार्डाचा अस्सल फोटो होता. रंग गेला की उरला कुणाच्यातरी लग्नातला फोटो. आणि सतरा सापडल्यावर ठरलेलं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलेलं.

मी म्हटलं, "आधी प्रदर्शन होऊ द्या, मग पुसा."

चाचा उसळले. "आठ दिवसांचं कबूल केलं होतं तिला! आजून किती थांबू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा बंद केला. उकळून गार केलेलं पाणी, काडीला गुंडाळलेला कापूस, आणि चाचांच्या डोळ्याला भिंग. आधी बांगडी निघाली. मग मनगट, मग काठाचा पदर. खांद्यावरचा काळा रंग सुटला आणि वाघाच्या पंज्याची चार नाजूक बोटं झाली. मी तोंडावर हात धरून उभी. शेवटी चेहरा. सतरा-अठराची पोर, नाकात नथ, आणि ऐन वेळी डोळे मिटलेले! कोपऱ्यात थोडा पापुद्रा गेला, पण माणसं दोन्ही शाबूत राहिली.

चाचा हसत होते आणि डोळे पुसत होते. "लई लाजली होती गं ही."

चाचांच्या सगळ्या फोटोंना मी दोन्हीकडून काच लावत असे, पाठ दिसावी म्हणून. यालाही तशीच घेतली. चाचांनी हात धरला. "नक्को. मागं प्लायवूड ठोक. माझं ते अक्षर तिला कशाला दाखवायचं?"

जळकोटला म्हातारीने फोटो दोन्ही हातांनी धरला. स्वतःकडे बघितलंच नाही आधी, नवऱ्याकडे बघितलं. मग सुनांना हाक मारली. "या गं! म्हनत हुतीत ना सपान? बघा आता!" शेजारणी गोळा झाल्या. त्या गर्दीत चाचा पुढे झाले आणि म्हणाले, "माय, तुम्हाला बुजवणारा मीच. माफ करा."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच व्हय? लई उशीर केला की हो! बसा. ए पोरी, च्या टाक."

आणि चाचा फोटो मांडीवर घेऊन, त्याच्यावरच कपबशी धरून चहा प्यायले. मी बघतच राहिले. "चाचा, कप भायेर," असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

प्रदर्शन झालं, तेवीस फोटोंचं. पेटी चाचांनी वाचनालयालाच देऊन टाकली. आता डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून लेकीने त्यांना निजामाबादला नेलंय. फोनवर बोलतात. तिथल्या फ्रेमवाल्याला काच कापता येत नाही, अशी तक्रार असते. दुकानातलं स्टूल मी हलवलेलं नाही. अकरा वाजता त्यावर कुणी बसलं की मला राग येतो.

मागच्या महिन्यात लातूरला गेले होते. सतराव्या कप्प्यात चाचांच्या हातची एक चिठ्ठी होती. "सतरा नंबर. हे दोघं आपल्या घरी गेले." वाचनालयातली मुलगी म्हणाली, "ताई, लोक सारखं विचारतात. काढून टाकू का ही?"

"हात तर लावून बघ," म्हटलं.

पण मीच लावला. इतक्या वर्षांची सवय, चिठ्ठी उचलून उलटी केली. मागे पेन्सिलीत, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "शाबास बेटी. पाठ बघितली."