लांडगा पळवणारा आवाज

बारामतीच्या कॉलेजात पहिली दोन वर्षं मी वर्गात जवळजवळ बोललोच नाही. तोंड उघडलं की ‘हाय’, ‘न्हाय’ बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसायचं. त्या काळात मला एका कॅसेटचा आधार होता. हॉस्टेलच्या खोलीतला माझा मित्र वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला, त्याचे वडील इंजिनियर. त्यानं परदेशातल्या एका पंक बँडची गाणी मला भरून दिली होती. गाणारा नुसता बोंबलायचा. एक शब्द कळत नसे. मित्रालाही कळत नसे, याचं मला फार बरं वाटायचं.

सुट्टीत लासुर्ण्याला घरी ती कॅसेट लावली. वडिलांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ऊस नंतर आला. त्यांनी अख्खं गाणं ऐकलं.

“कोण हाय रं ह्यो?”

“बँडवाला हाय, आबा. बाहेरच्या देशातला.”

“लांडगा आल्यावर असंच वरडाय लागतं. ह्याच्या कळपातलं एक कोकरू जायचं न्हाय.”

त्यानंतर मीही उसाच्या बांधावर जाऊन तसा ओरडायचो. एकदा तरी चारचौघांत असं मोठ्यानं बोलायचं, हे मनाशी ठरवलं होतं.

शेवटच्या वर्षी मित्रानं कॅसेट मागून नेली आणि दोन दिवसांनी हसत परत दिली. बँड बऱ्याच वर्षांनी परत आला होता, नवा गायक घेऊन. त्यांचा नवा अल्बम त्यानं माझ्याच कॅसेटवर, जुनी गाणी पुसून, भरला होता.

“जुनं कशाला ठेवायचं? ऐक, आता शब्द न् शब्द कळतो.”

शनिवारी घरी ऐकली. खरंच कळत होतं. गिटार तीच, धडाका तोच, आणि मधे हा पावडर लावलेला गळा. राग आलाय म्हणून सांगत होता, पण बातम्या वाचल्यासारखा. उष्ट्या पेल्यातलं पाणी प्यायल्यासारखी मला शिसारी आली.

“ह्याचं गानं ऐकाय लांडगा मांडी घालून बसंल,” आबा म्हणाले.

नवा अल्बम जरा लहान होता. बाजू संपता संपता खट्ट झालं, जुन्या गायकाची अर्धी आरोळी निघाली आणि टेप थांबली.

सोमवारी मित्रानं चार पोरांसमोर विचारलं, “काय, कशी वाटली?”

माझी कॅसेट नासवलीस, विचारलंसुद्धा न्हाईस, एवढंच म्हणायचं होतं. तेही बांधावरच्या आवाजात.

“छान आहे,” मी म्हणालो.

“बघा, ह्याची भाषा पण सुधारली!” त्यानं कौतुकानं पाठीवर थाप मारली.

नव्या गायकाची आली नव्हती तेवढी किळस मला माझ्या त्या ‘आहे’ची आली.