मंजूर म्हणेल त्यानं उभं राहायचं

बुद्धघोष चंदनशिवे सर रोज जळोचीहून लूनावर निघायचे, एमआयडीसीच्या कामगारांच्या मोटारसायकली त्यांना धडाधड मागं टाकायच्या, आणि सर अंथुर्ण्याकडच्या कॉलेजात पोचेपर्यंत त्यांचाच पहिला तास अर्धा होऊन गेलेला असायचा. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त! चहात साखर नसली तरी "फक्कड झालाय" म्हणत घशाखाली ढकलणारा. त्यात नोकरी हंगामी. दर जूनला संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब "घ्या ह्यांला" म्हणाले, तरच वर्ष निघायचं.

१९९८च्या फेब्रुवारीत विद्यापीठाचं पत्रक आलं. पृथ्वी तापते आहे, मुलांच्या गटचर्चा घ्या आणि निदान एक तरी काम करून दाखवा. पृथ्वी म्हणजे भूगोल, म्हणून प्राचार्यांनी ते सरांच्या गळ्यात घातलं.

सर हरखले. मुलांना आवारातल्या चिंचेखाली गोल करून बसवलं. ही चिंच म्हणजे सरांचं माहेर. ह्याच कॉलेजात शिकताना ते तिच्याखाली डबा खायचे, आणि आयुष्यातलं पहिलं भाषणही त्यांनी आधी तिलाच ऐकवलं होतं.

"विषय पहिला," सर म्हणाले. "पृथ्वीचं तापमान वाढत आहे."

"मंजूर! मंजूर!" पोरं ओरडली, आणि चहा कुठं ठेवलाय ते शोधायला उठली.

आता पोरांचा तरी काय दोष, सांगा! घरोघरी ऊसवाले सभासद. बापाच्या मांडीवर बसून साखर कारखान्याच्या सभा बघितलेल्या. वरून विषय वाचायचा, खालून मंजूर म्हणायचं, पेढा खायचा आणि घरी जायचं. सभेत चर्चा करणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या बैठकीत समुद्राची पातळी वाढणं मंजूर झालं, बर्फ वितळणंही एकमतानं. अनुमोदक पोरांतलाच ज्ञानू.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि नियम काढला. जो मंजूर म्हणेल, त्यानं उभं राहून का मंजूर ते सांगायचं.

झालं! सगळ्यांची दातखीळ बसली. शेवटी पोरींतली करुणा म्हणाली, "सर, आमच्याकडं ऊस तुटला की मागं राहिलेलं पाचट पेटवत्यात. त्यो धूर ह्यात धरायचा का?"

"मग पाचटाचं काय लोणचं घालू?" ज्ञानू उसळला.

आणि अशी जुंपली, की शिपाई सोडवायला धावला. सरांना आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी होतं. आठवडाभर भांडून ज्ञानू घरी गेला, थोरल्या भावाशी तिथं पुन्हा भांडला, आणि त्यांच्या रानाच्या एका तुकड्यातलं पाचट जळायच्या ऐवजी सरीत कुजायला पडलं.

शेवटच्या बैठकीला आप्पासाहेब आले. ऊन मी म्हणत होतं, म्हणून बैठक वर्गात ठेवली. साहेबांनी खुर्चीत बसता बसताच आपला विषय काढला.

"मोटारसायकली लई झाल्यात. ती चिंच पाडू, तितं पत्र्याची शेड मारू."

एकही पोरगं मंजूर म्हणेना. नियम सगळ्यांना पाठ होता.

"मंजूर!" एकच आवाज आला. सरांचा.

साक्षात जून महिना समोर खुर्चीत बसलेला, आणि जीभ परस्पर पळाली होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, उठा," करुणा म्हणाली. "का मंजूर, सांगा."

सर उठले. "मोटारसायकली... उन्हात तापतात."

"अन् पत्रा?" ज्ञानूनं विचारलं.

"पत्रा जास्त तापतो." सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आणि साहेब, आवारात गार अशी एकच गाडी आहे. तुमची जीप. चिंचेखाली लावलीय म्हणून." आता त्यांना थांबवेना. "मी भीतीनं मंजूर म्हणालो. मला मंजूर नाही. जूनमध्ये नाही घेतलंत तरी नाही!"

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. आप्पासाहेबांनीही सावलीतली जीप बघितली.

"च्यायला," ते म्हणाले. "शेड न्हाय मारायची. चिंच ऱ्हाऊ द्या."

"मंजूर! मंजूर!" अख्खा वर्ग गरजला, आणि त्या गोंधळात सवयीनं आप्पासाहेबांनीही हात वर केला.

"उठा," सर म्हणाले. "एकेकानं कारण सांगायचं. साहेब, तुम्हीसुद्धा."

आप्पासाहेब उठले.