पाच चहा आणि रेडिएटरचं झाकण

जावयाचं चुकलं असं तोंडावर म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. दौंड तालुक्यातलं राहू ही माझी सासुरवाडी, आणि अकरा वर्षांत तिथं माझं एकदाही काही चुकलेलं नाही. भरल्या ताटावरून अर्धी भाकरी ठेवून उठलो तरी सासरे म्हणतात, "पाव्हण्यांचं खानं कसं मोजकं हाय." सासूबाईंची तऱ्हा त्याहून वेगळी. त्या माझ्याशी थेट बोलतच नाहीत. डोक्यावरचा पदर पुढं ओढून माझ्या बायकोकडं बघत म्हणतात, "त्यांना म्हनावं, वाईच कालवन घ्या." कालवणाचं पातेलं त्यांच्या हातात, ताट माझ्यापुढं, दोहोंत हातभराचं अंतर, पण निरोप लेकीकडून फिरूनच येणार. मी त्यांना मामी म्हणतो. त्या मला काहीच म्हणत नाहीत.

शिरूरला मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढणं हा माझा उद्योग. स्वतः कधी नट पिळलेला नाही, पण कुणाचा सैल राहिलाय ते लांबून सांगतो. तिथं सगळे सर म्हणतात. माझी आई होती तोवर ती दिवसातून एकदा माझी हजेरी घ्यायची. ती गेल्यापासून उलट बोलणारं कुणी उरलेलं नाही. बायको बोलते, पण माझा राग माहीत असल्यानं निवडून बोलते.

गेल्या उन्हाळ्यात मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शिरूरला झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ दिवस वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, मातीत-पाण्यात हात घालायचा नाही. आठ दिवसांनी तपासून पुढचं सांगतो. लग्न होऊन आल्यापासून मळ्याचं पाणी मामींच्याच हातात. मोटर, पाइपलाइन, ठिबक, कुठला वॉल्व्ह कधी फिरवायचा, सगळं त्यांनाच ठाऊक. त्यांनी आठ दिवस काळा चष्मा लावून ओट्यावर काढले. डोळ्यापेक्षा, मळा सासऱ्यांच्या ताब्यात गेला ह्याचंच त्यांना दुःख जास्त. तपासणी दुपारी चारला होती. डॉक्टर पुण्याहून आठवड्यातनं एकदाच येत. ती वेळ चुकली, की मामींना आणखी आठ दिवस ओटा.

"आपली गाडी असताना दुसऱ्याची जीप कशाला?" असं मीच फोनवर सांगितलं होतं. आदल्या दिवशी बायकोला घेऊन त्यांना न्यायला निघालो आणि राहूत शिरता शिरता बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरला नेणारा वरचा जाड रबरी पाइप फुगून चिरला होता. खालचाही त्याच वाटेवर होता. सासरे म्हणाले, "यवतवरनं मेकॅनिक बोलवू का?" मी म्हणालो, "मामा, दोन पाइप आणि चार क्लॅम्प. एवढ्याला मेकॅनिक?"

सकाळी यवतला जाऊन पाइप, ते आवळायचे क्लॅम्प आणि रेडिएटरात ओतायच्या कूलंटचा कॅन आणला. बाह्या सरसावल्या, तसे सासरे कासावीस झाले. जावयानं सासऱ्याच्या अंगणात हात काळे करायचे म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. मला थांबवणं तर त्याहून अवघड. मग त्यांनी घरातून मामींचं एक जुनं लुगडं आणलं, चिंचेचं झाड आणि गोठ्याची मेढ ह्यांच्यात दोरीवर ताणलं आणि रस्त्यावरून मी दिसणार नाही अशी सोय केली. लुगड्याखालून माझे पाय दिसत होते. कुणीतरी जाताना विचारलं, "आबा, काय चाललंय?" सासरे म्हणाले, "काय न्हाई, पाव्हणं ध्यानाला बसल्यात." त्याच वेळी माझ्या हातून पाना निसटून इंजिनात पडला आणि ध्यानात बसत नाही असा एक शब्द माझ्या तोंडून निघाला.

जुने पाइप काढले. आत एवढा तेलकट चिखल होता की माझ्यातला क्वालिटीवाला खवळला. नवे पाइप बसवून बॅटरी आणि वायरिंगवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. शेतातला फवारणीचा पंप भरून आणला, त्यात साबण टाकला आणि इंजिन धुऊन काढलं. सासरे दोनदा पुढं आले, दोनदा खाकरले आणि मागं गेले. पंपात आदल्या दिवशीचं, भाजीवर मारायचं ताक-गुळाचं पाणी तळाला उरलं होतं, हे मला इंजिन गरम झाल्यावर वासानं कळलं. सगळं अंगण गुऱ्हाळासारखं दरवळलं आणि माशा जमल्या.

हे सगळं चाललेलं असताना मामी ओट्यावरून एका डोळ्यानं बघत होत्या. अधूनमधून लेकीला बोलावून तिच्या कानात काही सांगत. बायको माझ्याजवळ यायची, माझ्या चेहऱ्याकडं बघायची आणि म्हणायची, "आई विचारतेय, चहा घेणार का?" मी घ्यायचो. असे पाच चहा झाले. जावयाची केवढी काळजी, असं म्हणत मी कूलंट ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि गाडी चालू केली.

पाच-सात मिनिटांत टेम्परेचरचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी बंद केली. दीड वाजत आला होता. पाइप नवे, क्लॅम्प घट्ट, थेंबभर गळती नाही, मग तापते कशी? मला घाम फुटला. मामी हातात पिशवी घेऊन, नवं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. आता जीप सांगायची तर मीच नको म्हटलेलं. आत पाणी कमी पडलं असेल म्हणून मी हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण पिळायला घेतलं.

"ए गाढवा! हात काढ तिथनं! कातडं सोलून निघंल की रं!"

आवाज एवढा मोठा की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. मी हात काढला. झाकणाच्या कडेनं वाफेची एक चिळकांडी फुसकन बाहेर आली, जिथं माझं मनगट होतं तिथूनच. सासऱ्यांनी दचकून लुगड्याची दोरी ओढली आणि लुगडं खाली आलं. रस्त्यावर तिघं उभे होते, त्यांना तापलेली गाडी, गाढव म्हटलेला जावई आणि ओट्यावरून उतरून चालत येणाऱ्या मामी असं सगळं एकदम दिसलं.

मामींचा पदर खांद्यावर होता. "सकाळधरनं सांगतीय, हवा धरंल, हवा धरंल! चढावर पाइपलाइन भरताना हवा काढावी लागती, न्हाईतर पानी पुढं सरकतच न्हाई. कवा पाइप बघितलाय का न्हाई जन्मात?"

"सकाळपासून?" मी बायकोकडं बघितलं. ती कपबशा घेऊन आत गेली. पाचही चहांचा अर्थ मला तेव्हा लागला.

मामींना वाकायची मनाई. त्या काळा चष्मा लावून ताठ उभ्या राहिल्या आणि हुकूम सोडत गेल्या. "थंड होऊ दे आधी. घड्याळ नको बघूस, गाडीकडं बघ." गाडी निवली, तसं मी, सासरे आणि रस्त्यावरच्या तिघांनी मिळून ती ढकलली आणि पुढची चाकं गोठ्यापुढच्या उतारावर चढवली. "तोंड वर पायजे. हवा वरनंच जाती." झाकण काढून गाडी चालू केली. "आता पाइप दाब. सोड. दाब. म्हशीचं दूध काढल्यागत काय करतूस, जोर लाव!" मी जोर लावला. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येऊ लागले, पाणी एकदम खाली गेलं, जवळजवळ लिटरभर कूलंट आणखी बसलं. बुडबुडे थांबल्यावर त्यांनी झाकण लावायला लावलं. काटा मधोमध जाऊन थांबला आणि तिथंच राहिला.

तेव्हा कुठं मामी भानावर आल्या. त्यांनी पदर एवढा पुढं ओढला की चष्मासुद्धा दिसेना, आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

चारला पाच कमी असताना आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी डोळा तपासला, चांगला आहे म्हणाले. चष्मा लावून मळ्यात जा, वाकलात तरी चालेल. डॉक्टर हुंगत होते, गुळाचा वास कुठून येतोय म्हणून. मामींनी बाहेर येऊन आधी सासऱ्यांना फोन केला आणि सांगितलं, आता एकाही वॉल्व्हला हात लावायचा नाही.

परतीच्या वाटेवर नदीचा पूल आला. मागून मामींचं लेकीला हळूच सांगणं ऐकू आलं, "त्यांना म्हनावं, लई बोलून गेले मी. मनाव घिऊ नका म्हनावं."

ह्या वेळी बायकोनं निरोप बदलला नाही. मी पुलापलीकडं गाडी कडेला घेऊन बंद केली, कारण नीट दिसत नव्हतं. म्हणालो, "मामी, आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी गाढव म्हटलेलं नाही. मला बरं वाटलं."

मग माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"मग गाढवा, गाडी बंद कशाला केलीस? माझं वांग्याचं पानी ऱ्हायलंय. चल."