राजूरला ठेवलेलं पस्तान

देवावर माझा विश्वास त्या काळात होता की नव्हता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आईबरोबर राजूरच्या गणपतीला जायचे, हात जोडायचे, पण मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं. शेतकी महाविद्यालयातून पदवी घेतलेली, कडधान्यांवर पुढचं शिकायला इंग्लंडला निघालेली, हसनाबादच्या आमच्या भावकीतली मी पहिलीच मुलगी. शिष्यवृत्ती मिळाली ती माझ्या अभ्यासामुळे, असा एक ताठा अंगात भरला होता. साल नव्वदच्या पुढचं, आमच्याकडे घरोघरी फोन यायच्या आधीचं.

विमानाच्या हिशोबानं घरून निघायचा दिवस नेमका अमावस्येचा आला. आई कासावीस झाली. तिकीट बदलता येणार नाही म्हटल्यावर तिनं पस्तान ठेवायचं ठरवलं. पस्तान म्हणजे प्रस्थान. चांगल्या मुहूर्तावर प्रवासातली एखादी वस्तू तांदूळ-सुपारीसह कापडात बांधून जायच्या वाटेवर कुणाकडे तरी ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग निघालं की ती वाटेत उचलायची. तीन दिवस आधी आई एसटीनं राजूरला जाऊन आली. देवळाच्या पायथ्याशी दुर्वा आणि जास्वंदीची फुलं विकणारी एक म्हातारी होती, तिच्याकडे पिवळं गाठोडं ठेवून आली. मी हसले. सुपारीला आधी पाठवता, मग मला कशाला पाठवता, असंही वर म्हणाले. 

निघायच्या सकाळी आईनं गुडघे धरत अंगणापर्यंत येऊन मला तीनदा बजावलं, "राजूरला थांबून पस्तान उचल बरं. इसरू नको." मी तीनदा हो म्हणाले. भाड्याच्या जीपमध्ये नाना, म्हणजे माझे वडील, मी आणि ड्रायव्हर. गावाबाहेर पडतो न पडतो तोच चाक पंक्चर झालं. स्टेपनीतही हवा नव्हती. ऊन वर चढेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसून होतो. बदनापूरहून दुपारी मुंबईची गाडी, मुंबईतून पहाटेचं विमान. मी सारखी घड्याळ पाहत होते. राजूर आलं तेव्हा देवळासमोर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी हात वर करून उभी दिसली. हातात पिवळं काहीतरी होतं. ड्रायव्हरनं वेग कमी केला. "चला चला, जल्दी," मी म्हणाले. नाना हळूच म्हणाले, "आईनं सांगितल्यालं हाय गं." मी म्हणाले, "नाना, मुंबईत दहा सुपाऱ्या घेऊ." मागे वळून पाहिलं तर ती धुळीत तशीच उभी होती, हात वर केलेला.

बदनापूरला पोचलो तर गाडी दीड तास लेट. नानांनी जीप परत पाठवली. फलाटावर मी सामान लावून बसले आणि सहज कागदांची फाइल उघडली. चार दिवसांपूर्वी तपासून बंद केली होती, त्यानंतर पाहिली नव्हती. पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात गणपतीस्तोत्राचं छोटं निळं पुस्तक होतं. पासपोर्ट नव्हता. फाइल तीनदा उपसली, बॅगा फलाटावर उलट्या केल्या. नानांचा चेहरा पडला. तो घरीच कुठे राहिला असणार असं आम्ही धरलं. आणि घर म्हणजे पुन्हा तेवढाच रस्ता, जायचं आणि यायचं. विमान चुकलं की ठरलेल्या दिवशी इंग्लंडला हजर होता येणार नव्हतं, जागा जाणार होती. "बघतो काही गाडीघोडं भेटतं का," म्हणून नाना बाहेर धावले. त्या वयात त्यांना तसं धावताना पाहून मला रडू फुटलं.

मी एकटी बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते निळं पुस्तक मांडीवर होतं. वाचायला लागले तर डोळ्यांना अक्षरं लागेनात. मी नवस बोलले नाही, काही मागितलंही नाही. एवढंच म्हणाले, देवा, आता माझ्याच्यानं होत नाही, तुला काय करायचं ते कर. ऐकायला विचित्र वाटेल, पण छाती जरा हलकी झाली. खूप दमले होते. डोळे मिटून तशीच बसून राहिले.

"हसनाबादच्या नानाची लेक तूच ना गं?" डोळे उघडले तर राजूरची म्हातारी पुढ्यात. नऊवारीचा पदर धुळीनं माखलेला, डोक्यावर दुर्वांची पाटी. मी मान हलवली. "तुझ्या आईनं बदनापूरची गाडी सांगितली व्हती, दुधाच्या टेम्पोत बसून आले. पस्तान असं टाकून जात्यात का? ते मागं राह्यलं तर मानूस पोचत न्हाई. घे." खरं सांगते, मला तिचा रागच आला. इथे सगळं बुडालंय आणि हिला सुपारीची पडली आहे. "आजी, नको आता. मी जातच नाही," मी म्हणाले. तिनं ऐकलंच नाही. "वटी पसर आधी. मंग काय करायचं ते कर."

ओढणी पसरली. गाठोडं पडलं ते जड लागलं. गाठ सोडली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हळदीनं माखलेला माझा पासपोर्ट.

पुढचं मला तुटक आठवतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा ती संकोचून मागे सरकली. नाना आले, पासपोर्ट पाहिला आणि उलट्या पडलेल्या बॅगा भरायला लागले. गाडी आली. म्हातारी फलाटावर हात वर करून उभी होती, सकाळसारखीच. या वेळी मी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहिलं.

पुढे आईला पत्रातून विचारलं. तिनं शेजारणीकडून उत्तर लिहवून घेतलं: जे खरोखर जायचं तेच पस्तानात ठेवावं, आणि काही उचललं की जागा मोकळी ठेवू नये, म्हणून पुस्तक ठेवलं. तुला सांगितलं असतं तर तू ठेवू दिलं नसतं.  संकट आईच्या भाबडेपणानं आणलं की माझ्या ताठ्यानं, याचा निवाडा मी करत बसत नाही. थांबले असते तर काहीच घडलं नसतं. पण मग मला काही कळलंही नसतं.

दोन वर्षांनी परत आले ती आधी राजूरला उतरले. म्हातारी तिथेच, पायरीशी. तिला म्हटलं, आजी, त्या गाठोड्यात माझा पासपोर्ट होता, तुम्ही आला नसता तर माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं. तिला पासपोर्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुर्वांची जुडी बांधता बांधता म्हणाली, "ते मला काय म्हाईत बाई. सुपारी म्हंजी गणपती. तो मागं राह्यला व्हता, त्याला पोचवाया आल्ते."

तिच्याकडून जुडी घेतली आणि पायऱ्या चढले. त्या दिवशी हात जोडले तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं.