बाबा भावाची भाषा शिकले

माझा धाकटा भाऊ लोजबान शिकत होता. ही भाषा कुठल्याच देशाची नाही, माणसांनी ठरवून, नियम आखून बनवलेली. मी म्हटलं, "यार, मराठी, मालवणी, हिंदी, इंग्रजी कमी पडल्या का तुला?" तर म्हणाला, "त्या सगळ्यांत मी भांडून बसलोय गं. हिच्यात अजून कोणाशी भांडलो नाही."

पवईची चांगली नोकरी सोडून तो मुलुंडच्या घरी बसला होता. आई आधीच गेलेली. बाबांनी उभा जन्म विक्रोळीच्या कारखान्यात काढलेला, मूळ मालवणचे. एक दिवस भडकले, "ह्या भाशेन पोट भरतला काय रे?" भाऊ फटकन म्हणाला, "तुमच्या कारखान्याने तरी कुठे भरलं?" झालं! त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. एकाच टेबलावर जेवायचे, पण निरोप माझ्यामार्फत. "त्याका सांग, जेवान थंड होता." अरे, समोर बसलाय तो!

मी भाजी निवडत बसले की तो मला शिकवायचा. मूळ शब्द रोमन लिपीतल्या पाच अक्षरांचा, शेवटी स्वर, आत कुठेतरी दोन व्यंजनं खेटून बसलेली. बेरसा म्हणजे मुलगा, बाबांच्या मालवणीत झील; शितका म्हणजे खाणं, त्यातला 'श' एकाच अक्षराने लिहायचा. नावाचं उलट, त्याच्या शेवटी व्यंजन हवंच. म्हणून माझ्या नावाला त्याने एक 'स' चिकटवला आणि घरभर तशीच हाक मारायचा. शब्दांचे तुकडे जोडून नवे शब्द करायचे, आणि जिथे दोन व्यंजनांचं पटत नाही तिथे मध्ये बारीकसा 'अ' घालायचा. "बाबा आणि मी, मधला अ तू," म्हणायचा. मी हसायचे. आता मला त्या सगळ्याचा नुसता राग येतो.

डेंग्यूने गेला. ताप आहे, उतरेल म्हणता म्हणता गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुंबईत कावळ्यांना काय तोटा? झाडभर बसले होते मेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मामा म्हणाले, तुझ्या बहिणीला सांभाळू. काका म्हणाले, वर्षश्राद्ध गावी करू. काही नाही. शेवटी बाबा पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ये रे झिला. मी शिकतंय तुझी भाशा. ये."

तरीही नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी उरकला. बाबा घरी येऊन म्हणाले, "माझ्यार रागान गेलो तो." मी रडले, त्यांना समजावलं, पण ते ऐकतात कुठले?

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्यांनी मला समोर बसवलं. "सांग. पयलो शब्द." कवळी सरकायची, खेटलेली व्यंजनं सुटी व्हायची, 'बेरसा'चं 'बेरीसा' व्हायचं. चिडायचे, पुन्हा म्हणायचे. हे शब्द हिंदी, चिनी, अरबी अशा मोठ्या भाषांचे आवाज मिसळून केलेत, असं सांगितलं तर म्हणाले, "आणि आमची भाशा खंय?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बोलताय ना, आली तीपण."

हाक मारायला दोय, आणि अमुक कर म्हणायला को. एवढं जमायला बराच काळ गेला. मग एका सकाळी त्यांनी भाताचा घास खिडकीच्या ग्रिलवर ठेवला आणि एकही चूक न करता म्हणाले, "दोय बेरसा, को शितका." बाळा, खा. भाऊ जिवंत असताना हेच ते माझ्या तोंडून सांगायचे.

कावळा आला. घास उचलून उडालासुद्धा. मी ओरडलेच, "बघा बाबा, शिवला!"

बाबा रिकाम्या ग्रिलकडे बघत राहिले. म्हणाले, "कावळो काय, खातलोच गो. झील खंयसून ओ देतलो?"